खुंटीवरून उतरलेला स्वेटर

१

आत्याला बोलावलं होतं निवाडा करायला. तपास करायची पाळी येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

निवाडा तरी कसला, तर घरात कपडे कशावर वाळत घालायचे याचा. इमारतीची डागडुजी चालली होती. बाहेरून परांची बांधलेली, तिच्यावर हिरवी जाळी, आणि बाल्कन्या बंद. काम कधी संपणार असं विचारलं की कंत्राटदार आभाळाकडे बघायचा. तेव्हापासून तिच्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरात दारांवर, खुर्च्यांवर, कपाटाच्या मुठींवर ओले कपडे लोंबत होते आणि येणारा-जाणारा त्यांना थोबाड पुसत होता. शेवटी सगळे मिळून दुकानात गेले आणि तिथे तिघांनी तीन वस्तूंना हात घातला. दुकानदार संसारी माणूस असावा. तो म्हणाला, "तिन्ही घेऊन जा, वापरून बघा, पटेल ते ठेवा आणि बाकीचं परत आणा. पण इथे भांडू नका."

अण्णांचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. आत्या त्याला चिरंजीव म्हणायची. त्याने घेतली डबीतून ओढून काढायची दोरी. डबी एका भिंतीला, आकडा समोरच्या भिंतीला, आणि काम झालं की दोरी सर्रकन आत. टाइल्सना भोकं पाडलीस तर याद राख, असं बायकोने बजावल्यामुळे दोन्ही टोकं रबराच्या चकत्यांनी बाथरूमच्या भिंतींना चिकटवली होती. सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि तिला सगळं सरळ रेषेत लागायचं. तिने घेतला पंख उघडणारा घडीचा स्टँड, तो हॉलमध्ये उभा राहिला. नात बॅडमिंटन खेळायची, घरात एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून तिला भिंगरी नाव पडलेलं. तिने घेतली पिळाची लवचिक दोरी. या दोरीला चिमटे लागत नाहीत, कपड्याचा कोपरा पिळात खुपसला की झालं. ती पॅसेजमध्ये मीटरच्या पेटीपासून खुंट्यांच्या पट्टीपर्यंत ताणली होती.

कोणती ठेवायची यावर घरात एकमत होईना, म्हणून आत्या. तिची सारी नोकरी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेली होती. जळालेलं गोदाम बघून आग कुठून लागली हे ती सांगायची, आणि पुष्कळदा कुणी लावली तेही.

आदल्या रात्री जेवताना चिरंजीवांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "आत्या, माझ्या दोरीवर जीन्सच काय, ब्लँकेट टाक. भार पेलण्यात आयुष्य गेलंय माझं."

सकाळी आत्या चहा मागायला हॉलमध्ये आली तर सगळे स्टँडभोवती उभे होते. अण्णा स्टँडवरचे आपले सदरे ओढून काढत होते आणि बॅगेत कोंबत होते. स्टँडच्या एका पंखावर त्यांचा तपकिरी स्वेटर पडला होता. ओलाचिंब.

"बेबी, दुपारच्या बसने मी तुझ्याबरोबर येतोय," अण्णा म्हणाले. आत्याची साठी उलटली तरी त्यांच्या लेखी ती बेबीच होती. "कायमचा."

आत्याला स्वेटरची कथा ठाऊक होती. तो वहिनीने अण्णांसाठी विणला होता. पुढे डावं कोपर फाटलं तेव्हा तपकिरी लोकर मिळेना, म्हणून तिने तिथे साईच्या रंगाचा रफू केला. शेवटच्या आजारपणात तिला सारखी थंडी वाजायची, तेव्हा तिनेच तो अंगात घातला, गळ्याला बाम चोळून, दिवस दिवस. ती गेल्यावर अण्णांनी तो आपल्या खोलीबाहेरच्या खुंटीला अडकवला आणि धुवायचा नाही असं सांगून टाकलं. रोज संध्याकाळी ते तिथे थांबायचे, कॉलर नाकाशी धरायचे आणि पुढे जायचे. घरातले सगळे त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

"कुणी धुतला?" आत्याने विचारलं.

मुलगा म्हणाला, मी नाही. सून म्हणाली, मी नाही. नात म्हणाली, मी कशाला धुवेन? अण्णांनी बॅगेची चेन ओढली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

२

"आत्या, उगाच शोध कशाला?" चिरंजीव तावातावाने म्हणाले. "स्टँड कुणाचा? काल रात्री मशीन कुणी लावलं? आणि 'तो स्वेटर एकदा धुवायला हवा' हे या घरात कोण म्हणत होतं?"

सूनबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. "मी म्हणत होते. तोंडावर म्हणत होते. धुतला असता तर तेही तोंडावर सांगितलं असतं."

"मग काय तो आपल्या पायांनी चालत आला?"

"तू जरा बाहेर जा," आत्या भाच्याला म्हणाली. "तुझ्या आवाजाने मला दिसत नाही."

तो गेल्यावर तिने चष्मा पुसला आणि स्टँडसमोर वाकली. असं वाकलं की तिला फार बरं वाटायचं. समोर काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ते अजून कुणी नीट पाहिलेलं नसतं, यापरती मजा तिला निवृत्तीनंतर कशातच आली नव्हती. मग बंद दाराकडे नजर गेली आणि तिला स्वतःची लाज वाटली.

स्वेटर लोंबत नव्हता, पंखावर आडवा झोपवला होता. खाली टॉवेल अंथरलेला होता. दोन्ही बाह्या छातीवर एकमेकींवर ठेवलेल्या. तिने हात लावला. डावी बाही आणि पुढची डावी बाजू पिळली तर पाणी निघेल इतकी ओली होती, पण उजवीकडे बोटं सरकली तसा ओलावा कमी होत गेला. उजव्या खिशात काहीतरी टोचलं. कागदात गुंडाळलेली खोकल्याची गोळी होती, कडक, कागदासकट शाबूत. आत्याने ती होती तिथे परत ठेवली. मग कोपराचा रफू उजेडात धरला. साईचा रंग कुठेच नव्हता, तिथे निळसर छटा आली होती. तिने आपली ओली बोटं नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच ठेवली.

"सूनबाई, हा असा कुणी ठेवला असेल?"

"मला काय माहीत? माझे कपडे बघा ना तुम्ही." स्टँडवर तिचे सगळे कपडे हँगरला होते, एकाच दिशेला तोंड करून, शिस्तीत. "मी झोपवून काहीच वाळत घालत नाही. जागा किती खातं ते!" बोलता बोलता ती आत्याकडे वळली. "आत्या, अण्णा गेले ना, तर जन्मभर सगळे म्हणतील की हिने घालवले. यानेही तेच धरलंय. आईंच्या आजारपणात त्यांचं डोकं मी चेपायची हो. त्यांची वस्तू मी न विचारता पाण्यात घालेन?"

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोलणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. ती बहुतेक मोजून मापून बोलतात. सूनबाई मात्र सुचेल तसं बोलत सुटली होती.

"चल, मला ती खुंटी दाखव."

दोघी पॅसेजमध्ये आल्या आणि सूनबाई थबकली. खुंट्यांची पट्टी होती. मीटरची पेटी होती. खाली फरशीवर ओल होती. पण भिंगरीची दोरी गायब झाली होती.

३

भिंगरी आपल्या खोलीत पलंगावर पाय दुमडून बसली होती आणि रॅकेटची बॅग तिने मांडीवर अशी घट्ट धरली होती, की आत्याला विचारायची गरजच पडली नाही.

"काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"दोरी."

भिंगरीने चेन उघडली, दोरी पलंगावर टाकली आणि रडायलाच लागली. "आत्याआजी, माझ्यामुळेच झालंय बहुतेक. पण कसं झालं ते मला खरंच कळत नाहीये."

दोरी पांढरी होती. एका टोकाकडे, आकड्याच्या अलीकडे, वीतभर भाग निळा झाला होता.

"यावर काल काय घातलं होतंस?"

"नुसते मोजे. ते पण पांढरे. आजोबांच्या खुंटीच्या शेजारी आकडा लावला होता म्हणून परवा ते चिडले होते. मी म्हटलं, स्वेटरला नाही लागत, एवढं काय? जरा उद्धटपणेच म्हटलं. आज सकाळी उठून बघते तर दोरीवर हा रंग, खाली पाणी आणि त्यांची खुंटी रिकामी. मला वाटलं, माझ्या दोरीनेच काहीतरी घोळ केला. म्हणून लपवली."

"निळं काय काय आहे तुझं?"

"नवी जीन्स. रंग जाईल म्हणून काल वेगळी धुतली, हाताने. पिळता येईना इतकी जड झाली होती. पण ती मी दोरीवर नाही घातली. बाबांनीच मागून घेतली. त्यांना त्यांच्या दोरीचा भार बघायचा होता."

आत्याने डोळे बारीक केले. "आणि आत्ता कुठे आहे ती?"

"बाथरूममध्येच आहे. बाबांच्या दोरीवर."

बाथरूममध्ये जीन्स खरंच होती. दोरी ताठ होती, प्लॅस्टिकचे चिमटे रांगेने लावलेले होते, आणि सगळं कसं जाहिरातीत दाखवतात तसं झकास दिसत होतं. आत्याने चिमटे काढून कमरेचा पट्टा चाचपला. चिमट्यांनी कापड चपटं होतं. इथे मात्र चिमटे नव्हते त्या जागी, दोन्ही कडांना, पिरगळलेल्या बारीक चुण्या होत्या. मग ती भिंतीकडे वळली. टाइल्सवर साबणाचं पातळ पूट बसलेलं होतं. डबीची चकती होती तिच्या बाजूलाच त्या पुटात एक गोल स्वच्छ जागा होती, अगदी चकतीएवढी. आत्ता चकती होती तिथली भिंत मात्र आसपास टॉवेलने पुसल्यासारखी लख्ख होती.

"अगंबाई," आत्या स्वतःशीच म्हणाली.

एवढ्यात बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सूनबाईची हाक आली, "आत्या, लवकर या! अण्णा निघाले."

४

अण्णा उंबऱ्यात उभे होते. पायात बूट, हातात बॅग, नजर जमिनीवर.

"बसला अवकाश आहे, अण्णा," आत्या म्हणाली. "बूट काढू नकोस हवं तर, पण इथे बस. निवाडा सांगितल्याशिवाय मी कुठल्या घरातून निघालेली तुला आठवते का?"

ते बसले, पण बॅग मांडीवरच धरून. बाकीचे उभे राहिले. चिरंजीव खिडकीपाशी जाऊन जाळीतून दिसत नसलेलं काहीतरी बघू लागले.

"आपण सगळे एकच प्रश्न विचारत बसलो, स्वेटर कुणी धुतला. तिथेच आपण फसलो. तो कुणीही धुतलेला नाही. धुतलेली लोकर सगळीकडून ओली होते. हा डावीकडे चिंब आहे आणि उजवीकडे नुसता दमट. धुणारा माणूस खिसे बघतो. नाही बघितले तर खिशातल्या गोळीचा चिकटा होतो. ती गोळी कागदासकट कोरडी आहे. आणि माझ्या बोटांना साबणाचा वास लागला नाही. म्हणजे स्वेटर पाण्यात गेला नाही, पाणी स्वेटरकडे आलं."

"कुठून?" भिंगरीने विचारलं.

"तुझ्या जीन्सकडून. रफूला तिचा निळा रंग लागलाय. तुझ्या दोरीला लागलाय, तोही स्वेटरच्या खुंटीकडच्या टोकाला. जीन्स रात्री तुझ्या दोरीवर होती, तिच्या पट्ट्यावर पिळाच्या चुण्या आहेत. ती दोरी मोज्यांसाठी. ओल्या जीन्सने ती खाली झोळली आणि जीन्स सरकून शेजारच्या स्वेटरला रात्रभर बिलगून राहिली. लोकर पाणी पिते, तुम्हाला सांगायला नको."

"पण जीन्स तर..." सूनबाई बोलता बोलता थांबली आणि नवऱ्याकडे बघू लागली.

"बाथरूममधली चकती रात्री निसटली," आत्या म्हणाली. "साबणाच्या पुटावर रबर टिकत नाही. जुन्या जागेचा गोल अजून भिंतीवर आहे. शेजारची जागा कुणीतरी नीट पुसून चकती पुन्हा बसवली. सकाळी निवाडा होता. दोरी हरली हे कुणाला कळू नये म्हणून कुणीतरी जीन्स उचलून पॅसेजमध्ये नेली आणि पहाटे परत आणली. आणायला गेला तेव्हा त्याला स्वेटर दिसला."

 बाहेर परांचीवरून कुणी हातोडी मागत होतं.

"मला कोडं पडलं ते पुढचं. हा माणूस स्वेटर तसाच खुंटीला ठेवू शकला असता. भिंगरीची दोरी, भिंगरीचे मोजे, आळ तिच्यावर गेला असता. पण लोंबता ठेवला तर ओली लोकर ताणून बेढब होते हे त्याला माहीत होतं. त्याने तो आडवा घातला. खाली टॉवेल, बाह्या छातीवर. अण्णा, लोकर अशी कोण वाळत घालायचं?"

अण्णांनी पहिल्यांदाच मान वर केली. "ती."

"आणि ती घालायची तेव्हा बाह्यांची घडी करायला तिच्याजवळ कोण बसायचं?"

 अण्णा मुलाकडे बघत होते.

"मला वाटलं, तुम्ही उठायच्या आत वाळेल," चिरंजीव खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "पंखा लावला होता. मग तुम्ही उठलात, बॅग काढलीत आणि माझी बोबडीच वळली, अण्णा."

"दोरीसाठी?" सूनबाईचा आवाज चढला. "अरे, एका दोरीसाठी तू माझ्यावर ढकललंस? अण्णांसमोर?"

"चुकलो मी."

"मला नाही ऐकायचं ते. आत्ता नाही."

आणि ते बरोबरच होतं, असं आत्याला वाटलं.

५

अण्णा उठले. "कळलं, बेबी. बरं झालं कळलं." त्यांनी सुनेकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. "तुला मी मनातल्या मनात खूप बोललो. पण मी निघतोच. राग नाही कुणावर. त्या खुंटीपाशी आता थांबायचं कशाला? पाण्याने गेलं ते गेलंच."

"गेलं कशावरून?"

"ओला आहे तो."

"कुठे ओला आहे ते सांगितलं मी. जीन्स झोळून लोंबत होती ती खाली, छातीच्या बाजूला. कॉलर वर होती, खुंटीला. सकाळपासून त्या कॉलरला कुणी हात लावलाय? तू लावलास?"

अण्णांनी मान हलवली. आत्याने छातीवरच्या बाह्या उलगडल्या, स्वेटर उचलला आणि कॉलर त्यांच्यासमोर धरली. कोरडी होती ती. अण्णा एक पाऊल मागे सरले.

"नको, बेबी."

"का?"

"नसला तर?" ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत सकाळपासूनचं सगळं आलं. बॅग, बूट, बस. हा माणूस रागाने निघाला नव्हता. त्याला भीती वाटत होती. आत्याला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

अण्णांनी स्वेटर तिच्या हातातून घेतला आणि सुनेपुढे केला. "तू बघ आधी. तिचं डोकं तू चेपायचीस."

सूनबाईने पदर सावरावा तसे केस मागे घेतले. या घरात आल्यापासून तिने त्या कॉलरला कधी नाक लावलं नव्हतं. ती वाकली.  सूनबाई बराच वेळ तशीच राहिली.

"बाम आहे, अण्णा," ती म्हणाली. "आणि थोडं खोबरेल तेल. आहेत आई."

मग अण्णांनी कॉलर नाकाशी धरली. या वेळी दुसरीकडे कुणीच बघितलं नाही.

थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी बॅग उचलली, बहुधा सवयीने. आत्याने ती काढून घेतली आणि चेन उघडली. आत सकाळी स्टँडवरून ओढलेले सदरे होते, एकही धड वाळलेला नव्हता.

"ओले कपडे भरून कुणी गावाला जातं का रे? उतरेपर्यंत बुरशी धरली असती. वाळेपर्यंत तरी थांबावं लागेल तुला."

"किती वेळ लागेल?"

आत्याने बंद बाल्कनीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. "या हवेत? कंत्राटदारालाच विचार."

अण्णा हसले आणि बूट काढायला वाकले.

"निवाडा राहिलाच," भिंगरी म्हणाली. "कोणती ठेवायची?"

"तुझी दोरी तुझ्या बॅगेत. गावोगाव ने आणि मोजेच वाळव. तुझ्या बापाची डबी दुकानात परत. घरात स्टँड राहील. जागा खातो, तो खाऊ दे. लोकर आडवी घालायला पंख त्यालाच आहेत."

चिरंजीवांनी एक एक सदरा बॅगेतून काढला, झटकला आणि बायकोच्या हँगरला लावला. तोंड उलट्या दिशेला होतं. सूनबाईने प्रत्येक हँगर सरळ केला. शेवटचा सदरा मात्र त्याने आपणहून बरोबर लावला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं, रागानेच, पण बघितलं.

अण्णांनी स्वेटर पुन्हा पंखावर आडवा घातला, खाली कोरडा टॉवेल ठेवला. डावी बाही त्यांनी छातीवर घेतली आणि थांबले.

"ये इकडे," ते मुलाला म्हणाले. "दुसरी तू घाल."